पाण्यावर दगड तरंगतो का

मेस्सीना, ९ जून

आदरणीय फेलिचेदादा यांस,

धाकट्या ओनोफ्रिओचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (कमरेखाली वाकायला डॉक्टरांची सहा आठवडे मनाई आहे, तेव्हा पाया पडलो असं समजून घ्यावं.) आपली प्रकृती कशी आहे, मेलबर्नची थंडी गुडघ्यांना मानवते का, आणि सूनबाई अजूनही कॉफीत वाटीभर दूध ओततात का, हे सविस्तर कळवावं. आता हे ‘आपण’ प्रकरण पुरे करतो, कारण बोटांत जोर नाही आणि तुझ्याशी इतकं अदबीने वागायची मला सवयही नाही. हे पत्र मी चार दिवस लिहितो आहे. अक्षर वाकडं झालं तर मी दमलो असं समज, आणि एकदम सुधारलं तर सिस्टर नेल्लाने लिहून दिलं असं समज.

तिन्दाराने तुला फोनवर सगळं सांगितलं आहेच, पण माझी लेक रडताना अर्धी वाक्यं गिळते, म्हणून पुन्हा सांगतो. मेच्या सुरुवातीला मी घरामागे केपरच्या झुडपांवरच्या कळ्या मिठात घालायला खुडत होतो आणि पाठीतून अशी कळ आली की टोपली तिथेच राहिली. पोटातली मोठी रक्तवाहिनी म्हणे कित्येक वर्षं फुगत होती, आणि तिने फुटायला तोच दिवस निवडला. आपल्या लीपारी बेटावरून हेलिकॉप्टरने मला इथे मेस्सीनाच्या इस्पितळात आणलं. आयुष्यात पहिल्यांदा हेलिकॉप्टरमध्ये बसलो आणि नेमका बेशुद्ध होतो, याची हळहळ मला अजून वाटते. (वरून आपलं अक्वाकाल्दा गाव कसं दिसतं ते पायलटला विचारून ये, असं नेल्लाला दोनदा सांगून झालं.) ऑपरेशन उत्तम झालं. जे काही बिघडलं ते ऑपरेशन उत्तम झाल्यावर बिघडलं. आधी मूत्रपिंडं रुसली, मग न्यूमोनिया झाला, आणि श्वासाचं यंत्र काढायची वेळ आली तेव्हा फुफ्फुसांनी चक्क नकार दिला. एक्स-रे पाहून तरुण डॉक्टर चाटच पडले. आपली पांढऱ्या दगडाची खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या छातीत ती अजून चालू आहे. ही धूळ नको म्हणून तू अठराव्या वर्षी बोटीत बसलास तेव्हा तेरा वर्षांच्या मी तुला भित्रा म्हटलं होतं. ते मी आज मागे घेतो.

मधले अकरा दिवस मी कुठे होतो ते मला ठाऊक नाही. याची मला भीती कमी आणि उत्सुकता जास्त आहे. स्वतःच्याच आयुष्यातले अकरा दिवस दुसऱ्यांना विचारून गोळा करावे लागतात, हे तुला विचित्र वाटत नाही का? नेल्ला म्हणते, मी नळ्या ओढत होतो म्हणून रात्री हात बांधावे लागले. सफाईवाल्या बाई म्हणतात, मी त्यांना ‘बोट लागली, माल चढवा’ असं खुणेने सांगत होतो. (बाईंनी म्हणे दोनदा मान डोलावली. भली माणसं आहेत.)

मग मी जागा झालो, आणि खरा घोटाळा जागं झाल्यावर झाला. इथे अशी पद्धत आहे की मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, हे दिवसातून दोनदा तपासतात. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नाही, म्हणून हात दाबायचा, एकदा दाबला तर हो आणि दोनदा दाबला तर नाही. परीक्षा घ्यायला डॉक्टरीणबाई ब्रुनेत्ती येतात. या पार उत्तरेकडच्या, डोंगरातल्या, स्वभावाने सरळ. त्यांनी विचारलं, समुद्रात मासे असतात का? आता यावर खरं उत्तर ‘पूर्वी असायचे’ हे आहे, म्हणून मी एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा दाबला. अर्ध्या दाबाला त्यांच्या कागदावर रकाना नाही. पुढे, हातोडीने खिळा ठोकता येतो का? माझ्या डोळ्यांसमोर जावईबापू उभे राहिले, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. शेवटी त्यांनी विचारलं, पाण्यावर दगड तरंगतो का?

दादा, तूच सांग. वादळानंतर आपल्या किनाऱ्यावर पांढऱ्या दगडांची साय धरायची आणि त्यातून वल्ही मारताना बाबा शिव्या घालायचे, हे तू विसरला नसशील. ज्याने सगळं जग टाचा घासतं तो दगड मी एकतीस वर्षं खणला. मी त्यांचा हात जीव खाऊन दाबला, एकदाच. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. चार दिवस मी इतक्या खात्रीने हो म्हणत राहिलो की त्यांनी औषध वाढवलं.

नळी निघाली तेव्हा कागद तयार होता. त्यावर लिहिलं होतं की रुग्णाला वस्तुस्थितीचं भान नाही, एकटं राहण्यास अयोग्य. तिन्दारा तो कागद घेऊन पलंगाशी बसली आणि म्हणाली, “बाबा, आता हट्ट नाही करायचा. बर्गामोला आमच्याकडे चलायचं. चौथ्या मजल्यावर तुमच्यासाठी खोली केलीये, बाल्कनी आहे.” बाल्कनीतून काय दिसतं, असं मी खुणेनेच विचारलं, कारण आवाज अजून फुटला नव्हता. ती म्हणाली, “समोरची बाल्कनी.” माझी बायको मेलिना देवाघरी गेल्यापासून त्या घरात मी एकटा आहे हे खरं, पण खिडकी उघडली की समुद्र असतो. मला भीती वाटली, दादा, स्पष्टच लिहितो. ऑपरेशनची वाटली नव्हती इतकी वाटली.

आवाज फुटल्याबरोबर मी पहिलं वाक्य बोललो ते हे की दगड तरंगतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार प्रेमाने म्हणाल्या, “हो आजोबा, तरंगतो हं.” असं प्रेम शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. तिन्दाराला मात्र हसू फुटलं, कारण कागदामागचा प्रश्न तिला तेव्हाच कळला. ती म्हणाली, “डॉक्टर, अहो, आमच्याकडे तरंगतो.” पण एका घरातली दोन माणसं तेच बोलू लागली की डॉक्टरांना दोघांचीही काळजी वाटते.

शेवटी नेल्ला कामाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरून आपला टाचा घासायचा दगड आणला (रुमालात गुंडाळून, जरा लाजतच), आणि अंग पुसायच्या भांड्यातल्या पाण्यात सोडला. तो तरंगला. डॉक्टरीणबाईंनी तो बोटाने खाली दाबला, वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. असं त्या बराच वेळ करत होत्या. शेजारच्या पलंगावरचे यकृतवाले गृहस्थ कोपरावर उठून बसले, आणि मी लीपारीचा आहे हे मला एवढ्या अभिमानाने कधी वाटलं नव्हतं. “मग हा कधीच बुडत नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, “बुडतो की बाई. पाणी पोटात शिरलं की बुडतो. पण तोवर स्ट्रॉम्बोली बेटापर्यंत जाऊन येतो.” त्यांनी तिथल्या तिथे पेन काढून कागदावरची ओळ खोडली आणि माझी माफी मागितली.

बाकी मी मजेत आहे. पाय काड्यांसारखे झाले आहेत, कॉफीला पत्र्याची चव येते, आणि पलंगाच्या कडेला बसणं हे माझं अर्ध्या सकाळचं काम आहे. काल भिंतीला धरून अकरा पावलं चाललो. ऑगस्टात आपल्या संत सान बार्तोलोमेओच्या जत्रेला मी माझ्या पायांनी मिरवणुकीत असेन. सर्वांना आशीर्वाद, सूनबाईंना तर विशेष.

तुझा, पूर्ण शुद्धीवर असलेला,
ओनोफ्रिओ

ता. क. – नेल्लाचा दगड काल बुडाला. डॉक्टरीणबाईंनी तो कुतूहलाने भांड्यातच ठेवला होता. आता खोडलेली ओळ पुन्हा लिहायची का, असं त्यांनी मला हसत विचारलं. तारीख मात्र वहीत टिपून घेतली.

ता. क. २ – कागदावर नंतर दुसरी ओळही चढली हे वर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.) ती अशी आहे: ‘थोरला भाऊ घरी सोबत राहतो असं रुग्ण वारंवार सांगतो. भाऊ एकसष्ट वर्षं ऑस्ट्रेलियात.’ त्या अकरा दिवसांतलं मला एवढंच आठवतं, दादा. तू पलंगाच्या पायाशी बसून वाटाणे सोलत होतास. मग आवाज फुटल्यावर तिन्दाराने विचारलं, “बाबा, एकटे कसे राहाल?” तेव्हा मी म्हणालो, “एकटा कुठे? फेलिचे आहे की.” त्या दोन दिवसांत मी हे चारदा म्हणालो. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

ता. क. ३ – तिन्दारा सव्वीस तारखेला मला न्यायला येते आहे, बर्गामोचं तिकीट काढून. घरात कुणी सोबतीला असेल तर ते रद्द करीन असं तिने कबूल केलंय. मागच्या खोलीत मी केपर वाळवतो, पण ती एका दिवसात रिकामी होईल. डॉक्टरीणबाई म्हणतात, दगडासारखा पुरावा दाखवा, ही ओळही खोडते. मी पुष्कळ विचार केला, पण ती खोडणं माझ्या हातात नाही. तुझ्या आहे.