हा तर माझा!

ताई,

‘प्रिय’ लिहवत नाही. तसंही हे पत्र मी टाकणार नाहीये.

लहानपणापासूनचे माझे कपडे जोडून, कितीतरी वर्षं हाताने टाके घालून शिवलेली गोधडी काल तुझ्यापुढे पसरली. वाटलं, निदान “छान झालीय गं” म्हणशील. तू आपली एकेका तुकड्यावर बोट ठेवत सुटलीस. “हा तर माझा निळा फ्रॉक! हा माझा गणवेश! ही माझी कॉलेजची ओढणी!”

खरंच होतं सगळं. तुझं उतरलेलं घालूनच मी वाढले. आई म्हणायची, “धाकटीला नवं कशाला? चार दिवसांत आखूड होईल.”

म्हणून मधोमध मुद्दाम ह्यांच्या शर्टाचा तुकडा लावला होता. लग्नानंतर मीच दुकानात जाऊन निवडलेला शर्ट. म्हटलं, एवढं तरी माझं, कोरं करकरीत.

तुझं बोट तिथे आलं, थबकलं आणि गुपचूप पुढे सरकलं. ह्यांना एकाएकी तहान लागली, उठून आत गेले.

अख्ख्या गोधडीत तेवढ्या एकाच तुकड्यावर तू “हा माझा” म्हणाली नाहीस.

तेव्हाच कळलं मला, तो कुणाचा ते.

यापुढे तुझं उतरलेलं न घालणारी,
धाकटी