चवीपुरते मीठ

नाशिक, मंगळवार

तीर्थस्वरूप वत्सलाआत्या,

मोहिनीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (आईनेही विचारले आहे. म्हणजे तोंडाने नाही. पण तुझे नाव निघाल्यावर तिने स्वतःचा गुडघा चोळला.) तू फोन उचलत नाहीस, म्हणून ओझरला हे पत्र.

आपल्या 'रावजी सँडविच'च्या प्रगतीची बातमी अशी, की सात दुकानांपैकी आता एकच बंद व्हायचे उरले आहे: द्वारका चौकातले, पहिले. तू चटणी वाटायचीस तेव्हा तिथल्या रांगेमुळे रिक्षावाले आपल्याला शिव्या घालत. मग रावजीकाकाने मयूर नावाचे सल्लागार आणले. ते म्हणाले, "आत्या, एकच चव, सात दुकाने! रेसिपी कागदावर द्या." तू म्हणालीस, "माझा हात कागदावर कसा उतरवू रे?" त्यावर काका हसून बोलला, "चटणीच ती, वत्सू. मशीनही वाटेल." तेव्हा खोचलेला पदर तू थेट ओझरला जाऊनच सोडलास.

कागद माझ्याकडे आला, कारण तुझ्याशेजारी बसून कोथिंबीर निवडणारी मीच. मी कोथिंबीर, मिरची, आले, सगळे ग्रॅममध्ये लिहिले, दोनदा तपासले. मिठापाशी मात्र, आपल्या घरात लिहितात तसे, 'चवीपुरते' लिहिले. आत्या, सात दुकानांना सात जिभा असतात, हे मला कुणी शिकवले नव्हते! एका दुकानातल्या लखनला रक्तदाब. त्याने गिऱ्हाइकांनाही पथ्यावर ठेवले. नाशिक रोडच्या सरुबाईंनी इतके घातले, की लोक एका सँडविचमागे दोन बाटल्या पाणी घेत. (मयूरसरांनी त्याचा आलेख काढला: पाण्याची विक्री दुप्पट. टाळ्याही झाल्या.) मग गिऱ्हाईक गेले, पाट्या उतरल्या. काका दोष ब्रेडला देतो, पिझ्झाला देतो, उड्डाणपुलाला देतो. दोष माझा आहे, हे सांगायला मी तीनदा गेले. तिन्ही वेळा त्याने मायेने सँडविच पुढे केले, आणि ते खाऊन कुणालाच काही बोलता येत नाही.

घरच्या लहानमोठ्यांना नमस्कार-आशीर्वाद ज्याचे त्याला पोचव.

तुझी,
मोहिनी

ता. क. : मीठ किती, तेवढे कळव. 'चवीपुरते' लिहू नकोस.

ता. क. २ : सोमवारी द्वारकेचीही पाटी उतरणार. काल काका चटणी चाखून म्हणाला, "वत्सूला विचार," आणि गिऱ्हाईक आले का पाहायला बाहेर गेला. कुणीही आले नव्हते. बराच वेळ पाहत होता.

ता. क. ३ : हात कागदावर उतरत नसेल, तर सोमवारच्या आत हातासकट तूच द्वारकेला उतर.