अंबराचं बूच

६ नोव्हेंबर १९३४, मंगळवार
बूच! मला म्हणे बूच करून हवंय! पंचवीस वर्षं पालांगाच्या किनाऱ्यावर अंबराचे खडे कातणारा मी. बिशपच्या जपमाळेचे मणी माझ्या हातचे. आणि कौनासच्या विद्यापीठातून प्राध्यापक येतात ते बूच मागायला.

पण कारण ऐकल्यावर काम घेतलं. माझ्या बहिणीच्या, बार्बोराच्याच भानगडीचं काम आहे हे. इस्पितळातली, कॅन्सरच्या गाठींवर बांधायची रेडियमची नळी नाहीशी झाली त्याला दहा दिवस होत आले. आगकाडीच्या अर्ध्या तुकड्याएवढी ती नळी. त्या दिवशी ड्यूटीवर होती बार्बोरा. बस, ठरलं! नर्सनेच चोरली. नोकरी गेली, पोलिसांनी दोनदा तिची पेटी उपसली. महिनाअखेर नळी मिळाली नाही तर खटला.

हे प्राध्यापक युर्कूनास ती शोधायला आलेत. बरोबर पत्र्याचा डबा, त्याला काचेची खिडकी. आत पितळी दांडी आणि दांडीला चिकटवलेलं सोन्याचं पातळ पान. दांडीला वीज दिली की पान उभं राहतं. जवळपास रेडियम असेल तर पडतं, अगदी भिंतीआड असलं तरी! दांडी झाकणातून जिथे आत शिरते तिथलं बूच प्रवासात फुटलं.

"काचेचं का नाही करत?" मी विचारलं.

"काच ओल धरते, उस्ताद. तिच्यावरून वीज हळूहळू निघून जाते. अंबरावरून नाही जात. अजून तरी याच्या तोडीचं काही सापडलेलं नाही."

आमचं अंबर! ज्याची आम्ही तंबाखूच्या पाइपची तोंडं करतो, ज्याचा चुरा वार्निशवाला पोत्याने नेतो!

७ नोव्हेंबर
सगळे डबे उपसले. चुरा दाबून केलेलं अंबर नको, ढगाळ नको. शेवटी गेल्या वादळानंतर मीच वेचलेला खडा काढला. मधाच्या रंगाचा, आत एक बुडबुडाही नाही. कोणे एके काळी झाडाने गाळलेली राळ, आणि आज माझ्या बहिणीची अब्रू तिच्यावर! 

बार्बोराला दाखवला. "छान आहे, दादा," म्हणाली आणि आईच्या खोलीत गेली. आनंद नाही, काही नाही. बिचारी पार खचलीय.

९ नोव्हेंबर
फजिती! सराईतल्या प्राध्यापकांच्या खोलीत बूच बसवलं. पान उभं राहिलं आणि मी वीस मोजेपर्यंत आडवं झालं.

"हात लावलात?"
"नाही. फडक्याने धरलं होतं."
"मग?"

मग आठवलं. चाटलं होतं! खडा हातात आला की आम्ही जिभेने ओला करतो, आतलं स्वच्छ दिसतं म्हणून. बाप चाटायचा, आजा चाटायचा. मीही बूच झाल्यावर शेवटचं चाटून पाहिलं. प्राध्यापक पोट धरून हसले. "उस्ताद, तुमच्या थुंकीवरून वीज पळाली!"

हसा. मी मात्र दुसरा खडा काढायला घरी पळालो.

१२ नोव्हेंबर, सोमवार
उभं राहिलं!!

दुसरं बूच केलं. तोंडाला फडकं बांधून कातलं, खडू लावून घासलं, चिमट्याने बसवलं. वीज तरी कशाने दिली? अंबराच्याच कांडीने. लोकरीवर घासली, दांडीला टेकवली. पान उठलं.

सराईत सकाळी आठला उठलं. आम्ही राय धान्याची भाकरी खाल्ली, धुरावलेला मासा खाल्ला, प्राध्यापकांनी दोन पत्रं लिहिली. बारा वाजले तरी पान तसंच! मी डब्याच्या खिडकीसमोरून हललो नाही. माझ्या हातच्या तुकड्याने एवढीशी वीज अडवून धरली होती, जी मला दिसत नाही, हाताला लागत नाही. डोळ्यांत पाणी आलं. माझं लग्न झालं त्या दिवशीही आलं नव्हतं.

"कौनासमधल्या यंत्रांनाही तुमच्याकडूनच बुचं करून घेईन," प्राध्यापक म्हणाले. मी उगाच खोकलो.

१३ नोव्हेंबर
शोध सुरू. देवा, नळी सापडू दे.

१७ नोव्हेंबर
काही नाही. इस्पितळातली राख, गटारं, धुण्याची हौदी, जुन्या बँडेजचा खड्डा, सगळीकडे डबा फिरवला. पान ताठ. आता त्याचा ताठा बघवत नाही.

प्राध्यापक म्हणाले, "त्या नळीसाठी सात बायका रांगेत आहेत. एकीला तर तीन लहान मुलं. दुसरी नळी यायला वसंत उजाडेल."

घरी येऊन हे सांगितलं. बार्बोरा बीटचं सूप वाढत होती. तिच्या हातून पळी पडली. "दादा, जेवताना तरी तो विषय नको."

आईच तेवढी बरी आहे. गालावरची गाठ खरंच आक्रसलीय. सप्टेंबरात इस्पितळात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सत्तरीच्या बाईला रेडियम देता येणार नाही, तरुण बायका आधी. आता बार्बोराच मलम लावते, पट्टी बदलते, कोणाला जवळ येऊ देत नाही. मलमात असतं तरी काय, कोण जाणे. आई कुरकुरते, "ही पोरगी मला कैद्यासारखी ठेवते गं बाई!" पण काल दोन वाट्या लापशी खाल्ली.

२० नोव्हेंबर, मंगळवार
झाकणाचा स्क्रू ढिला झाला म्हणून प्राध्यापकांनी डबा माझ्याकडे ठेवला. परवा नेणार आहेत. स्क्रू पिळला. मग मोह झाला. घरच्या लोकरीवर, घरच्या बाकावर एकदा उभं करून बघू!

उठलं आणि बघता बघता पडलं.

चाटलं नव्हतं. शपथ. बूच काढलं, स्पिरिटने पुसलं, वाळवलं, परत बसवलं. पडलं. नवं कातलं, संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो. पडलं! पंचवीस वर्षांचा हात असा एका दिवसात गेला?

रागाने डबा उचलला आणि वाळूच्या टेकडीवर गेलो. वारा झोंबत होता. तिथे पान उभं राहिलं. दोन्ही बुचांवर. अंधार पडेपर्यंत उभं!

घरी आलो. दार उघडलं. पडलं.

बूच चोख आहे. यंत्रही चोख आहे. मग माझ्या घरात आहे तरी काय? पुढचं लिहवत नाही. उद्या बार्बोरा दुधाला गेली की खोलीखोलीत डबा नेईन.

२१ नोव्हेंबर
स्वयंपाकघरात पान हळू पडलं. आईच्या पलंगापाशी उभंच राहिना.

आई झोपली होती. गालावर पट्टी. मागे बार्बोरा, हातात दुधाची किटली. ती रडली नाही. "शनिवारपर्यंत पट्टीखाली राहू दे, दादा. मग मी स्वतः नेऊन देते. म्हणशील तर तुरुंगात जाते."

मला त्या सात बायका आठवल्या. आईचा गालही दिसत होता.

प्राध्यापकांना चिठ्ठी लिहिली: बूच फुटलं, चूक माझी, नवं शनिवारी देतो. मग चिठ्ठीत खोटं नको म्हणून दोन्ही बुचं ऐरणीवर ठेवली आणि हातोडा घातला.