जवाच्या भाकरीवर बेचाळीस किलोमीटर

तीर्थरूप हद्दूमामा यांस,

अझ्रूहून बास्सूचा सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? मराकेशची कोरडी हवा त्यांना मानवली असं आई सगळ्यांना सांगते, पण सांगताना बघते माझ्या गुडघ्यांकडे. बाकी आम्ही अल्लाच्या कृपेनं ठीक आहोत, थंडी मात्र यंदा लवकर आली. (फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि ओरडलो की आधी आईला ऐकू जातं. हे तिच्या कानावर जाऊन चालणार नाही.)

तरुणपणी मराकेशच्या शर्यतीतून तुम्ही मेंढ्यांच्या ट्रकात आडवे होऊन परत आलात आणि हिवाळाभर आई तुमचे गुडघे ऑलिव्हच्या तेलानं चोळत बसली, तेव्हापासून तिनं धावण्याशी उभं वैर धरलंय. (तुम्ही पुढं त्याच गावात मुलीकडे राहायला गेलात, ही तुमची हौस.) मी धावायला लागलो तेव्हा तिनं मला भाकरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली. गल्लीतल्या सामाईक भट्टीत कच्च्या भाकऱ्यांचं आमचं ताट भाजायला ठेवायचं, मगच निघायचं, आणि भाकऱ्या भाजून निघायच्या आत परत यायचं. एवढंच माझं धावणं. आठवड्यातले तीन-चार दिवस, तेही सुतारकाम उरकल्यावर. इथली बाकीची पोरं देवदाराच्या जंगलात सकाळ-संध्याकाळ धावतात. त्यांच्या आठवड्याच्या धावण्यात माणूस फेस शहराला जाऊन जेवून परत येईल. मी दिसलो की विचारतात, काय बास्सू, आज गव्हाची की जवाची? त्यात तथ्य आहे. जवाची भाकरी भाजायला वेळ घेते, म्हणून लांब जायचं असलं की मी आईपाशी जवाचा हट्ट धरतो. भट्टीवाला आल्लालही भला माणूस, आमचं ताट मंद आचेच्या कोपऱ्यात सरकवतो. शिवाय वयामुळे आईचा हात हल्ली जड झालाय, भाकऱ्या जाड होतात बिचारीच्या.

एकदा मात्र फजिती झाली. मोह झाला म्हणून टेकडी चढलो आणि उशीर झाला. भट्टी रिकामी, एकच ताट उरलेलं, तेच उचलून आणलं. आमच्या भाकरीवर खुणेचे तीन टोचे असतात हे घाईत बघितलंच नाही. आईनं तुकडा मोडला, हुंगला आणि शांतपणे म्हणाली, "यात बडीशेप आहे. ही इत्तोची भाकरी. तू कुठल्या डोंगरावर होतास?" तेवढ्यात दारात विधवा इत्तो आमचं ताट घेऊन उभी, आणि तिच्या तोंडाची भट्टी आल्लालच्या भट्टीपेक्षा गरम. पुढचा आठवडाभर आईनं पापडासारख्या पातळ भाकऱ्या थापल्या. कोपऱ्यावर पोचत नाही तोच परत फिरावं लागे.

आणि तरीही मामा, एवढ्या तुटपुंज्या धावण्यावर मी इफ्रानची एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी केली. (आईला सांगितलं, गिऱ्हाइकाचा देवदारी दरवाजा पोचवायला चाललोय.) जंगलातल्या पोरांपैकी दोघांना मागे टाकलं. ते दमून आले होते, माझे पाय ताजे होते. झालं, डोक्यात हवा शिरली आणि मी मराकेशच्या बेचाळीसला नाव घातलं. एकवीसपर्यंत भाकरीनं नेलं, पुढं कोण नेणार? तुम्ही वर्षानुवर्षांचं धावणं गाठीला बांधून उतरलात आणि तेहतिसाव्या किलोमीटरला रस्त्याकडेला बसलात. मग मी कुठं बसेन? मला हरण्याची भीती नाही. आईच्या दारात तिच्यासमोर ट्रकातून आडवा उतरवला जाईन, याची आहे. तिच्यानं दुसऱ्यांदा सोसवणार नाही. कमी धावून माणूस कुठवर पोचतो, हे तुम्हीच खरं सांगा.

तुमचा भाचा,
बास्सू

ता. क. खरं काम राहिलंच. शर्यतीच्या आठवड्यात तुम्ही आजारी पडा आणि मला बोलावून घ्या. साधा ताप पुरे. गुडघ्यांचं नाव काढू नका.

ता. क. २. आजारी पडू नका. अंदाज घ्यावा म्हणून मी जेवताना म्हटलं, मामांची तब्येत बरी नसावी. आई पानावरून उठली. तिचं बोचकं आणि तेलाची बाटली आत्ता दाराशी आहे. म्हणते, बहीण जिवंत असताना भाच्याचं काय काम?

ता. क. ३. सगळं उघड झालं, म्हणजे उघडच होतं. तुम्ही ठणठणीत आहात आणि मला मराकेशला धावायचंय, हे मी कबूल केलं, तेव्हा बोचकं सोडता सोडता आई म्हणाली, "इफ्रानला दरवाजा पोचवायला गेलास तेव्हा दरवाजा तुझ्या दुकानातच होता, लेका." मी भाकरीवर हात ठेवून माफी मागायला गेलो, तर म्हणाली, "आणि ह्या जाड कोण थापत होतं? माझे हात अजून धड आहेत." मग बराच वेळ कणीक मळत राहिली. शेवटी विचारलं, "हद्दू नेमका कुठं बसला होता?" ती त्या जागेच्या थोडं पुढं जवाची भाकरी घेऊन उभी राहणार आहे. पण तेहतिसावा किलोमीटर एवढंच मी सांगू शकलो, नेमकी जागा नाही. मामा, तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. काठी घ्या, सावकाश चला, पण तिला तिथवर तुम्हीच घेऊन या.