काशीच्या वहीतली ओळ

मु. केनवड
ता. ९ फेब्रुवारी १९३६

प्रिय जगदेव,

अनेक आशीर्वाद. अक्षर पाहून दचकला असशील. अकरा वर्षांनी लिहितो आहे, आणि तेही मालेगावच्या फूलचंदशेटच्या हाती देऊन. मायची पत्रं तुला आणि तुझी तिला त्यांच्याच दुकानातून जात होती, हे मला आत्ता कळलं. महिन्यातून एकदा ती हट्टानं मालेगावच्या बाजाराला का जाते, याचा संशय मला होताच. मला वाटायचं, घरचं तूप चोरून कुणाला तरी देते. एकदा तर मी वाटेत गाडी थांबवून तिची पिशवीसुद्धा तपासली. पिशवीत आलं आणि कोथिंबीर निघाली.

तर मायला काशी दाखवायला घेऊन गेलो होतो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. अकोल्याला गाडीत बसलो तेव्हापासून कनवटीवरचा हात काढला नाही. काशीत उतरलो तर जो तो आपला जुना सोयरा असल्यासारखा सलगीनं बोलतो. मणिकर्णिकेजवळ एक देऊळ नदीकडे कललेलं आहे. नावाडी म्हणाला, एका आईचा शाप आहे. मी म्हटलं, पायवा कच्चा असेल. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे मिनार दाखवून तो शपथेवर सांगू लागला, की वर चढलं म्हणजे दिल्ली दिसते. मी चढलो. दम तेवढा लागला. दिसली ती नदी आणि पलीकडची वाळू. राजा मानसिंगाच्या वाड्याच्या गच्चीवर दगडी यंत्रं आहेत, सावलीवरून वेळ सांगणारी. तिथल्या माणसानं सांगितलेली वेळ मी एका बाबूच्या घड्याळाशी ताडून पाहिली, तेव्हा बरोबर निघाली. मला थोडं वाईटच वाटलं. माय म्हणाली, “तुले तं देवाच्या दारातबी चोरच दिसतात.”

चोर म्हटल्यावर तुला काय आठवलं असेल ते मला ठाऊक आहे. बाबांच्या अस्थी तिसऱ्या दिवशी आपण दोघांनी वेचल्या, गाडग्यात घातल्या आणि घरात न्यायच्या नाहीत म्हणून शेतातल्या वडाला टांगल्या. तू म्हणालास, दोघं मिळून काशीला नेऊ. मी म्हणालो, थोरल्याचा मान आहे, मी एकटा नेईन. खरं सांगायचं तर मला वाटायचं, तुला बरोबर नेलं तर गावात तुझंच नाव होईल. तेरवीच्या सकाळी गाडगं उतरवलं तर गाठ वेगळी आणि आतली पुरचुंडी हलकी. तू पंगतीत वाढत होतास. सगळ्या गावासमोर मी तुला बापाच्या अस्थींचा चोर म्हटलं. तू हातातली परात खाली ठेवलीस, मायकडे एकदा पाहिलंस आणि निघून गेलास. एक शब्द बोलला नाहीस, म्हणून माझी खात्रीच पटली. उरलेल्या अस्थी मी रागारागात पैनगंगेत सोडल्या.

काशीत आपल्या घराण्याचे उपाध्याय आहेत. गावागावाप्रमाणे घराण्यांच्या वह्या त्यांच्याकडे असतात. मी फक्त केनवड म्हटलं. त्यांनी आज्याचं, पणज्याचं नाव घडाघडा सांगितलं. मला संशय आला, की आमच्याच धर्मशाळेत उतरलेल्या मेडशीच्या उकंडरावनं यांना आधीच पढवलं असणार. नवी नोंद करायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, भाऊ किती? मी म्हणालो, भाऊ नाही, एकटाच आहे. त्यांनी तसं लिहिलं. मी खाली सही केली. शेजारी बसलेल्या मायनं तोंड फिरवलं.

मग जुन्या नोंदीशी मेळ घालायला त्यांनी पानं उलटली, आणि एका पानावर थांबून वही माझ्याकडे वळवली. तुझं अक्षर मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार, पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं. बाबांचं नाव, विसर्जनाची तिथी, आणि खाली लिहिलेलं: ‘अस्थिविसर्जन केले. थोरले बंधू इंद्रभान व मी जगदेव, दोघांच्या वतीने.’ माझं नाव आधी. मी तुला चोर म्हटल्याला तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता.

मायला मी विचारलं तेव्हा ती पायरीवर बसून होती. म्हणाली, “मीनंच देल्ल्या त्याले अर्ध्या. दोन पोरं हायेत, तं दोघाईच्या हातानं तुमच्या बापाले गंगा भेटली पायजे.” मी म्हणालो, मग त्याच दिवशी का बोलली नाहीस. “अस्थी नेतानाच थ्यानं शपथ घातली मले. म्हणे, माय, तुले दादाच्याच घरी दिवस काढा लागतात, थो तुह्यावर डूख धरीन.” जगदेव, मला तिथे उभं राहवेना. अकरा वर्षं मी साऱ्या जगावर पाळत ठेवली, आणि माझ्याच चुलीपुढे माय मला भिऊन गप्प बसली होती. मला लाज वाटते रे.

मी उपाध्यायांना म्हटलं, ‘भाऊ नाही’ ही माझी ओळ खोडा. ते म्हणाले, भावाला नाही म्हटलेलं एकट्याच्या सांगण्यावरून खोडता येत नाही, तो भाऊ समोर बसून सही करील तेव्हाच. मी बिछाना बांधला, परतीची गाडी गाठायची म्हणून मायला हाक मारली. ती उठली नाही. म्हणाली, “तुमी दोघं येसान आन् थे ओळ खोडसान, तवाच मी घरी येईन.” पुष्कळ विनवलं. शेवटी धर्मशाळेत तिची सोय लावून मी एकटा परत आलो आहे. तिला आता नीट दिसत नाही, घाटाच्या पायऱ्या हातानं चाचपत उतरते. येत्या पौर्णिमेला मी अकोल्याच्या फलाटावर दोन तिकिटं काढून उभा राहीन. येशील ना?

तुझाच,
दादा