डाव्या दाराची फट

८ फेब्रुवारी १९८३
जिनाप्पा शेटची गाडी आली. ट्रकवर, दोरखंडानं बांधून. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, गोव्यातनं घेतलेली, पोर्तुगीज असतानाची. दोन माणसांची, बुटकी, लाल. पत्रा नाहीच, सगळं अंग फायबरचं. वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पडून. बॉनेट, दारं, डिकीचं झाकण, सगळं सुटं. आत डोकं घातलं तर अजून तंबाखूचा वास. उगाच दोनदा घातलं.

शेट म्हणाले, "आप्पास्नी एकदा बसवून गावातनं फिरवायचंय. त्यांचं काय खरं न्हाय आता. पाडव्याच्या आत हुईल?"

अण्णा म्हणाला, "आयतु." म्हणजे कानडीत, झालंच. ठरलं. मला विचारायची पद्धत आमच्यात नाही. तो थोरला भाऊ, सत्तरीचा. मी सहासष्टचा, म्हणजे पोरच.

११ फेब्रुवारी
वाटणी जुनीच. डावी बाजू अण्णाची, उजवी माझी. बसच्या बॉड्या बांधायचो तेव्हा वडिलांनी घालून दिलेली. एकाच्या बाजूला दुसऱ्यानं पान्हा लावायचा नाही. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली, रेघ अजून मधोमध आहे.

अण्णानं सवयीनं हातोडी उचलली. मी म्हटलं, "पत्रा न्हाय ह्यो. तडकंल."

"ठावं हाय रं. नुसती धरलीया. हातात काय नसलं की मला उभारायला येत न्हाय."

१९ फेब्रुवारी
फायबर ठोकून वळत नाही. अंग चासीवर टेकतं तिथं, नाहीतर बिजागरीखाली, वायसर, म्हणजे पातळ लोखंडी चकती, घालायचा किंवा काढायचा. इथं कागदाएवढं उचललं की तिकडचं टोक बोटभर सरकतं. दिवस त्यातच जातो.

दाराभोवतीची फट मोजायला अण्णाची बिडी. बारीक टोक आत जावं, दोऱ्यापाशी अडावं. वरपासून खालपर्यंत तसंच झालं की दार बसलं. वहिनी डबा घेऊन आल्या, म्हणाल्या, "मापाचा धूर लई निघतोय आज."

२ मार्च
डावं दार टांगताना अण्णा गुणगुणत होता. माझ्या पाचवीच्या पुस्तकातली, माळावरच्या एकट्या झाडाची कविता. तो तिसरीत शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली गेला, म्हणून मला सातवीपर्यंत शिकता आलं. संध्याकाळी तो गंज घासायचा आणि मी शेजारी बसून पाठ करायचो. ऐकून ऐकून त्याचीच पाठ झाली. मी मधेच सूर मिसळला, तर तिसऱ्या कडव्याला माझंच अडलं. त्यानं पुढची ओळ दिली. वर बघितलंसुद्धा नाही.

केवढा आनंद झाला. का कोण जाणे, रडूही आलं.

९ मार्च
लाकडी घोड्यांच्या टेकूवरनं गाडी चाकांवर उतरवली. आणि महिन्याचं काम गेलं. बसची बॉडी घोडीवर बांधली तरी चालायची, लोखंड जागचं हलत नव्हतं. हिचं वजन चाकांवर आलं तसं अंग बसलं, दोन्ही दारं वाकडी. आधी चाकांवर उभी करून मग फट बघायला हवी होती.

अण्णा हसत खाली बसला. "बाळू, पन्नास वरसं ह्योच धंदा केलाय म्हणून कुणाला सांगू नकोस."

पुन्हा पहिल्यापासनं.

१७ मार्च
माझी बाजू आज जमली. अण्णाची काल झाली म्हणाला. "बराबर हाय."

तो चहाला गेल्यावर, करायला नको होतं, पण त्याच्या फटीत बिडी घालून बघितली. वर अख्खी आत गेली. खाली टोकसुद्धा शिरलं नाही. बिडीची गरजच नव्हती, गॅरेजच्या दारातनं दिसत होतं. बसच्या छताची रेघ रस्त्यापलीकडनं बघून "जरा उतरलीया" म्हणणारा माणूस हा.

मग एकेक आठवत गेलं. दिवाळीपासनं चहा स्वतः ओतत नाही. रस्ता ओलांडताना मला आधी जाऊ देतो. मला वाटायचं, म्हातारपणी मान देतोय.

अण्णाला दिसत नाही.

१८ मार्च
शेट उद्या बघायला येणार. त्यांना दिसलं तर गाडी बेळगावला नेतील. अण्णाला परत कुणी काम देणार नाही.

दुपारी तो जेवून आडवा झाला. तासाभरात बिजागरी सैल करून खाली दोन वायसर घातले, वरचा एक काढला. फट सरळ. चोरी करावी तसा मधेमधे रस्त्याकडं बघत होतो.

१९ मार्च
शेट आले. दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. "अण्णा, नजर हाय तुमची अजून." 

ते गेल्यावर त्यानं डाव्या फटीवरनं तळहात फिरवला. वरनं खाली. परत वरनं खाली.

"ही फट माझी न्हाय."

मी म्हटलं, "शेट येणार हुते, म्हणून..."

"मला सांगायचं हुतंस. 'अण्णा, चुकलंय' म्हणून. एवढंच."

"कसं सांगू?"

"तोंडानं."

टोपी घातली आणि गेला. वळणावर गटारीपाशी थांबला, पायानं चाचपलं, मग ओलांडली. मी दारातच उभा.

२४ मार्च
पाच दिवस आला नाही. संध्याकाळी घरी गेलतो. तो आत खाटेवर, तोंड भिंतीकडं. वहिनींनी मला मागच्या दारी नेलं.

"गेल्या साली मिरजेला दाखवून आलतो. काचबिंदू हाय. गेलेली नजर येत न्हाय म्हणाले. तुम्हास्नी सांगू नको म्हणून मला शपथ घातलीया."

"मग हे काम कशाला घेतलं?"

"मी बी तेच इचारलं. म्हणाले, हातानं करीन. कुठं चुकलं तर बाळू सांगंल की."

परत कसा आलो आठवत नाही. त्यानं माझ्या तोंडाच्या भरवशावर काम घेतलं आणि मी त्याच्या तोंडावर गप्प बसलो. शेटपुढं त्याची अब्रू वाचवली असं वाटत होतं मला. लहानपणी चुकलं की मान खाली घालायची सवय, ती त्याच्या चुकीलाही...

३१ मार्च
माझे दोन्ही वायसर काढले. वरचा एक परत घातला. त्याची फट त्याच्यासारखी होईना, मग डावं दार उतरवूनच ठेवलं. वहिनींबरोबर निरोप दिला: डावी बाजू मोकळी आहे, मी हात लावणार नाही.

शेटचा माणूस विचारून गेला. आप्पांना धाप लागते, रात्रभर बसून काढतात. लवकर करा म्हणाला. मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं?

५ एप्रिल
अण्णा नाही. दुसऱ्या कुणाकडनं ते दार बसवून घ्यावं, असं एकदा मनात आलं. शेटचं म्हणणंही खरं आहे, आप्पा थांबायचे नाहीत. दिवसभर दाराकडं पाठ करून बसलो.

१० एप्रिल
अण्णा आला. वहिनी दारापर्यंत सोडून परत गेल्या. माझ्याकडं न बघता (काय लिहितोय मी) म्हणाला, "दार कुठाय?"

दोघांनी मिळून उचललं. बिजागऱ्या त्यानं एकट्यानं लावल्या. बोटानं भोक शोधायचं, मग बोल्ट. बिडी काढलीच नाही, सगळं तळहातावर. दोन तास. मी लांब उभा राहिलो. तिन्हीसांजेच्या सुमाराला त्यानं दार लावलं.

"बराबर हाय?"

खालचा कोपरा घासत होता. 

"न्हाय अण्णा. चुकलंय. खाली अडकतंय."

त्यानं खालचा कोपरा बोटानं चाचपला. मग म्हणाला, "किती?"

"एक वायसर."

"दे."

त्यानं हात पुढं केला. मी त्याच्या डावीकडं होतो, हात उजवीकडं गेला.  गाडीला वळसा घालून त्या बाजूला जाऊन उभा राहिलो, आणि हातावर वायसर ठेवला.

उजेड असेतोवर बसलो. आधीपेक्षा बरं, पण कोपरा अजून घासतोय, आणि तेही मी सांगितलं. पाडवा तोंडावर. शेटकडं आणखी दिवस मागायचे का, ते अण्णा बोलला नाही. उद्या येतो, असंही म्हणाला नाही.