कोयनेत उणं पाणी

तीर्थस्वरूप मानसिंगमामांना विट्याहून भाचा शिवतेजचा साष्टांग नमस्कार. कोईमतूरला सोनं गाळायच्या भट्टीपुढं बसून डोळं जळजळत्यात म्हणाला होता, ते थांबलं का? मामीचा गुडघा कसा हाय? आमी जिवंत हाय. खुशाल म्हणवत न्हाई. (भट्टीपुढं तुमी फोन उचलत न्हाई, म्हणून ह्या पत्राचा फोटो धाडतोय.)

आवं मामा, तुमी सुचवलेलं स्थळ बघायला रविवारी कोयनानगरला गेलो. घाटात आईनं दर वळणाला गाडी थांबवली, ते सोडा. पोरीचं वडील नाथाजीराव, जलमभर धरणावर नोकरी केलेला माणूस. पोहं झालं, आई पोरीला काहीतरी विचारणार, तेवढ्यात तेच मला म्हणालं, तुमी कंपायलर बनवलाय म्हणं, चालवून दाखवा. (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजंल असं करून देणारा दुभाषा. तुमी गावभर सांगत फिरला, पण चुकीचं.) मी खूश! माझ्या लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या हिरव्यागार, म्हणजे पास. पण त्यांनी मला बसवलं त्यांच्या जुन्या कम्प्युटरवर आणि म्हणालं, कोयनेत किती लिटर पाणी मावतं तेवढा हिशोब करा.

मामा, उत्तर उणं आलं! घाबरून चाचण्या चालवल्या, तर अर्ध्या लाल. (त्या घडीला भूकंप झाला असता तर सुटलो असतो, पण पाहिजे तवा तो बी येत न्हाई.) नाथाजीराव कडाडलं, "उभी हयात त्या धरणावर घातली, आन् तुमी त्यात उणं पाणी भरता व्हय?" चूक माझीच. आकडा ठेवायचं भांडं माझ्या लॅपटॉपवर मोठं, त्यांच्यात निम्म्या मापाचं. आणि मी धरून चाललो की जगात सगळीकडं आमच्याच घरची पायली. आकडा मावला न्हाई, उलटून उण्यात गेला. पोरगी प्रियदर्शनी दारात उभी राहून हसत होती. आई तरातरा गाडीत जाऊन बसली.

तुमचा लाडका (अजून असलो तर),
शिवतेज

ता. क. काल प्रियदर्शनीचा फोन आला. ती कंपनीत चाचण्यांचंच काम करती. मी नेटवर टाकलेला कोड तिनं आधीच वाचला होता. जुना कम्प्युटर आणि धरणाचा हिशोब, दोन्ही तिनंच वडलांना सुचवलं! म्हणाली, पोरीला सगळे तपासत्यात, पोराला कोण तपासणार? वर चूक कुठल्या ओळीत हाय ते सांगून, "दुरुस्त करा आणि या" म्हणाली. मी अजून हबकलेलोच हाय. मला ती लय आवडली.

आणखी एक. तुमच्या दुकानातला जुना कम्प्युटर ट्रॅव्हल्सनं धाडा, तपासायला लागंल. पण आधी आईला फोन करा. "पोरगी लय आगाव" म्हणत ती आजच नकार कळवणार हाय, आणि तुमच्याबिगार ती कुणाचं ऐकत न्हाई. कम्प्युटर उशिरा आला तरी चालंल.